वीस तारखेनंतरचं नागपूर

नागपूरचा सांस्कृतिक मोसम हिवाळ्याचा. मोठे महोत्सव, संगीत समारोह, हस्तकलेचा मेळा, बहुतेक सगळं दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि होळीच्या आत आटोपतं. उन्हाळ्यात नागपूरकर वाळा लावलेल्या कूलरसमोर बसतो आणि नवतपा कधी उतरतो याची वाट बघतो. मी नेमकी तेव्हाच आले, आणि तीही कलेबिलेसाठी नाही, जीएसटीची रिटर्न भरायला.

एम.कॉम.च्या दुसऱ्या सत्राला आता ऑन जॉब ट्रेनिंग असतं, चार क्रेडिटचं. माझं कॉलेज ब्रह्मपुरीला. तिथल्या दोन-चार ऑफिसांत वर्गातली पोरं आधीच जाऊन बसली होती, म्हणून आमच्या मॅडमनी ओळखीनं धरमपेठेतल्या एका सीएंकडे माझी सोय लावली. राहायला प्रतापनगरात एका काकूंकडे खोली. खिडकी एक, कूलर एक आणि दारामागे चिकटवलेला नियम एक: फाटक रात्री साडेनऊला बंद. क्रेडिटचे तास तसे महिन्याभरात भरले असते, पण सर म्हणाले, "२० जूनपर्यंत थांब, थोडं मानधन देतो." थांबले.

सीएच्या ऑफिसात महिना पंचांगासारखा चालतो, फक्त तिथी वेगळ्या. ७ तारखेला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचं विवरण, २० ला ३बी म्हणजे महिन्याचा जीएसटी भरायचं रिटर्न. त्यात मे संपता संपता चौथ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न, १५ जूनला ॲडव्हान्स टॅक्सचा पहिला हप्ता आणि त्याच दिवसापर्यंत फॉर्म १६ वाटायचे. माझ्या वाट्याला टूबी, म्हणजे जीएसटीआर-२बी, जुळवणं आलं होतं. व्यापाऱ्याच्या टॅलीत, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, दिसणारी खरेदी आणि पोर्टलवर दिसणारी खरेदी यांची बिलागणिक गाठ घालायची. डोळे शिणतात, मन मात्र कोरं राहतं. १९-२० ला ऑफिसातून निघायला रात्रीचे नऊ वाजायचे आणि २१ ला असा शुकशुकाट असायचा की पाच वाजले की सर स्वतःच म्हणायचे, "निघा रे आता, काय बसून रायले?" माझं नागपूर या तारखांच्या अधेमधे झालं.

सुरुवात अजब बंगल्यापासून केली, आणि त्याचं कारण फार थोर नव्हतं. रविवार, दुपार, बाहेर ४५ च्या पुढचं ऊन, खोलीतला कूलर गरम हवा फेकत होता आणि ऑफिसातले एक आर्टिकल दादा (सीए होण्याआधी तिथं काम शिकणारे) म्हणाले होते की जुन्या भिंती जाड असतात. सरकारी कागदावर त्याला मध्यवर्ती संग्रहालय म्हणतात, १८६३ सालचं. पण ऑटोवाल्याला तसं सांगितलं तर तो दोनदा विचारतो. अजब बंगला म्हटलं की गाडी निघते. सोमवारी बंद असतो, तेवढं लक्षात ठेवायचं.

लहान पोरांची गर्दी पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे आणि पक्ष्यांकडे. मोठ्यांची, सेल्फीपुरती का होईना, मूर्तींकडे. आदिवासी दालनात मी जरा जास्तच रेंगाळले, कारण काचेआड मांडलेल्यांतली बरीचशी भांडीकुंडी मला पाठ होती. तसली बांबूची टोपली आमच्या घरी मागच्या पडवीत पडलेली असते, मोहफुलं वेचायच्या दिवसांत ती बाहेर निघते. तिला इतकं नीट उजेडात मी कधी बघितलंच नव्हतं. विणीचा तळ चौकोनी सुरू होतो आणि वर येता येता कडेला गोल होतो. कोणत्या पट्टीपाशी तो वळतो ते शोधत मी काचेला नाक लावून उभी होते, तर पहारेकऱ्यानं लांबूनच घसा खाकरला.

शिलालेखांच्या दालनात कोणी नव्हतं. म्हणजे एक म्हातारे गृहस्थ होते, धोतर नाही पण धोतराच्याच काळातले. मी एका दगडावरच्या अक्षरांत ओळखीचं काही सापडतं का बघत होते. त्यांनी विचारलं, "इतिहासवाली का तू?" म्हटलं, कॉमर्सची. तेव्हा ते इतके खूश का झाले ते मला नंतर कळलं. ते म्हणाले, "मग तुलाच हे कळन." आणि वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याच्या, ताम्रपटांबद्दल सांगायला लागले. ताम्रपट म्हणजे जमिनीचं दानपत्र. राजा ब्राह्मणाला गाव देतो, आणि मग गावाला काय काय माफ आहे त्याची यादी देतो. कर नाही. राजाचे शिपाई गावात शिरणार नाहीत. फुलं आणि दूध द्यायचं नाही. गाई-बैल द्यायचे नाहीत. मिठाबद्दल वेगळं कलम. जमिनीत पुरलेला ठेवा सापडला तर तो दान घेणाऱ्याचा. मी ऐकत राहिले. पाचव्या शतकातली एक्झेम्प्शनची यादी, आणि शब्दरचना आमच्या नोटिफिकेशनपेक्षा सरळ! वर शेवटी धमकी की जो हे मोडेल त्याला पाप लागेल. आमच्याकडे व्याज आणि लेट फी लागते.

त्या गृहस्थांनी मिराशींचं नाव घेतलं, वा. वि. मिराशी. नागपुरात बसून त्यांनी वाकाटकांचे तोवर सापडलेले लेख वाचून, ताडून संपादित केले आणि तो ग्रंथ १९६३ मध्ये निघाला. कालिदासाच्या 'मेघदूता'तल्या यक्षाचा रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, हे पुराव्यानिशी मांडणारेही तेच. "वाकाटकांची नंदिवर्धन नगरी म्हणजे आताचं नगरधन. रामटेकच्या पायथ्याशी. एस.टी. जाते," ते म्हणाले, जणू मी लगेच निघणार होते. आषाढाला अजून अवकाश होता आणि आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पण बाहेर पडताना मी वर बघितलं खरं.

तर असं एकदा जमलं की चटक लागते. मग प्रश्न उरतो, कुठे काय आहे हे कळायचं कसं?

इथं माझं गाव मधे आणावं लागेल, कारण शहरातलं सगळं मी त्याच मापानं मोजत होते. मी झाडीपट्टीतली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या धानपट्ट्यात दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की रात्री नाटक. बहुतेक नाटक कंपन्या गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या. धानाच्या बांध्या, म्हणजे शेतं, मोकळ्या झालेल्या असतात, तिथं मांडव पडतो, रात्री दहा-अकराला पडदा वर जातो आणि पहाटे उजाडायला आलं तरी शेवटचा अंक सुरूच. घरोघरी पाहुणे. त्यांतले काही उपवर पोरीसाठी आलेले असतात, तेही नाटक बघतात आणि पोरगीही बघतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात ज्याला त्याला आपल्याच घरी पद्मश्री आल्यासारखं वाटत होतं. सांगायचं एवढंच की आमच्याकडे नाटकाची चौकशी करावी लागत नाही. भोंगा लावलेली गाडी आठवडाभर आधी गावोगाव ओरडत फिरते. नागपुरात भोंगा फिरत नाही.

"इथं काही होतच नाही," असं नागपूरचे लोक स्वतःच सांगतात. असं सांगणारे बहुधा कोणत्याही हॉलकडे वर्षानुवर्षं फिरकलेले नसतात. मी हळूहळू वाटा शोधल्या. पेपरात शहराच्या पानावर खाली कोपऱ्यात आजच्या कार्यक्रमांचा बारीक टाइपातला रकाना असतो. ऑफिसातले शिपाईकाका रोज तेवढा कापून माझ्या टेबलावर ठेवायला लागले. सभागृहाच्या फाटकावर पुढच्या आठवड्याचे फलक आधीच बांधलेले असतात, ते जाता-येता वाचायचे. इन्स्टाग्रामवर दोन नाट्यसंस्था आणि एक गाण्याचा क्लास फॉलो केला की बाकीचे आपोआप दिसू लागतात. आणि सगळ्यांत भरवशाची वाट म्हणजे एका कार्यक्रमाच्या दारात उभं राहून शेजारच्याला विचारायचं, आता पुढचा कुठं? तिथं येणारी माणसं थोडी आणि तीच ती असतात. त्यांना सगळं ठाऊक असतं.

जूनच्या ११ तारखेचं जीएसटीआर-१ उरकलं आणि त्या शनिवारी डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात मुंबईचं एक नाटक लागलं होतं. मागच्या रांगांचं तिकीट ३०० रुपये. तिकिटाचं जमत होतं, अडचण फाटकाची होती.

"काकू, शनिवारी उशीर होईल. नाटकाला जाते."

"किती वाजता संपते?"

"साडेनऊ, पावणेदहा."

"अन् येशील कशी वं एकटी?"

"मेट्रोनं. दहाच्या आसपास शेवटची असते."

कुकरच्या दोन शिट्ट्या होईस्तोवर काकू काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारलं, कोण आहे नाटकात? मी मालिकेतल्या एका नटाचं नाव सांगितलं. "तो? तो नाटकात पण काम करते?" आणि कुकर उतरवता उतरवता, "माझं पण काढ मंग एक."

घर प्रतापनगरात, हॉल सिव्हिल लाइन्समध्ये. सुभाषनगरहून मेट्रो, सीताबर्डीला ॲक्वा लाइन सोडून ऑरेंज लाइन पकडायची, कस्तुरचंद पार्कला उतरून ऑटो. एकाच शहरात, तरी काकूंना आपण शेवटचं नाटक कोणतं बघितलं ते आठवेना. सीताबर्डीच्या सरकत्या जिन्यावर त्यांनी माझा हात धरला तो ऑटोत बसेपर्यंत सोडला नाही. ऑटोवाल्यानं एवढ्याशा अंतराचे इतके मागितले की काकूंनी त्याला त्याच्या गावाचं नाव विचारलं. खरं सांगायचं तर या सगळ्या दिवसांत मला कलेपेक्षा ऑटोच महाग पडला.

ज्यांच्या नावाचा हॉल आहे त्या वसंतरावांबद्दल एक गोष्ट आर्टिकल दादांनी सांगितली होती. जन्म १९२० चा, मूर्तिजापूरचा. लहानपण आणि गाण्याचे पहिले धडे नागपूरचे. 'कट्यार काळजात घुसली'तल्या खाँसाहेबांच्या भूमिकेत त्यांनी मराठी रंगभूमी हलवून सोडली, पण त्याआधी पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये वर्षानुवर्षं नोकरी केली. अकाउंट्समध्ये! टूबी जुळवताना मला ही माहिती फार उपयोगी पडायची. समोरच्या आकड्यांतून मान वर केली की वाटायचं, त्यांनीही अशीच कधीतरी वर केली असेल.

तिसरी घंटा झाली आणि अंधार झाला. अंधार म्हणजे शेजारच्या काकू दिसेनात इतका. आमच्याकडे प्रेक्षक अंधारात नसतात. मांडवात दिवे असतात, पोरं चादरीवर झोपलेली, कोणी शेंगा फोडतं, कोणी उठून चहा घेऊन येतं, आणि नाटक हे सगळं धरून चालतं. इथं कोणाचा तरी मोबाइल वाजला तर पंधरा माना वळल्या. पण मला जे खरं लागलं ते आवाजाचं. पहिल्या अंकात त्या नटानं प्रेक्षकांकडे पाठ केली, खिडकीबाहेर बघत एक वाक्य जवळजवळ पुटपुटलं, आणि ते मागच्या रांगेत मला लख्ख ऐकू आलं. आमच्याकडे माइक वरून टांगलेला असतो. नट चालत त्याच्याखाली येतो, मान किंचित वर करतो आणि वाक्य टाकतो. म्हणून आमच्या नाटकातली भांडणं, प्रेमं, मरणं, सगळी माइकाखाली होतात. दोन पात्रांचं पटत नसलं तरी त्यांना जवळ यावंच लागतं. मी इतकी वर्षं त्याला अभिनयाची पद्धत समजत होते. ती अर्धी तारेची लांबी होती.

मध्यंतरात काकूंना महालातली जुनी शेजारीण भेटली. वडा, कॉफी आणि कोणाच्या पोराचं कुठं जमलं याची उजळणी. दुसरा अंक मला बेताचाच वाटला. मालिकेतले विनोद मालिकेतच बरे. एके ठिकाणी मुंबईच्या पात्राच्या तोंडी तर्री पोहे घातले आणि हॉल टाळ्यांनी दणाणला. ही खोड आमच्या कंपन्यांनाही आहे, तिथं सरपंचाचं नाव घेतात. आणि अडीच तासांत पडदा पडला. काकूंना ते योग्य वाटलं, मला मात्र मनातून लुबाडल्यासारखं झालं. तीनशे रुपयांत अडीच तास? तेवढ्यात आमचा पहिला अंक होतो, त्यात तीन गाणी, त्यांतलं एक वन्समोअर. बाहेर आल्यावर काकू म्हणाल्या, "छान होतं, पण तो टीव्हीवर उंच दिसते." फाटक त्या रात्री साडेदहाला बंद झालं आणि त्यानंतर माझ्यापुरता त्या नियमाचा विषय कोणी काढला नाही.

चित्रांचं एक प्रदर्शन बघितलं, त्यावर फार लिहीत नाही, पण एक चित्र सांगते. चार तरुण चित्रकारांनी मिळून दालन भाड्यानं घेतलं होतं. भर दुपारी मी एकटीच. खुर्चीत बसलेला मुलगा उठून आला आणि म्हणाला, "आधी लांबून बघा, मग जवळ या." बरं. लांबून ते रात्रीचं चित्र वाटत होतं: काळी जमीन, वर फिकट पिवळे ठिपके. जवळ गेले तर काळ्यात राखेचा करडा रंग होता, आणि कडेला पाल्याची न जळलेली किनार. मोहाखालचा पाला! फुलं गळायला लागली की वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, आणि पहाटे त्या काळ्या जमिनीवर मोहफुलं पडलेली दिसतात. मी म्हटलं, हे मोहाखालचं आहे ना? तो हसला. सकाळपासून तिघांनी त्याला ते तारांगण म्हणून सांगितलं होतं आणि त्यानं कोणालाच नाही म्हटलं नव्हतं. किंमत २५,००० लिहिलेली. माझ्या डोक्यात आधी एचएसएन कोड, म्हणजे कर लावायला मालाला दिलेला आकडा, आला, ९७०१, हाताने काढलेली चित्रं. ऑफिसचं पाणी लागलं म्हणतात ते हेच.

२० जूनला ३बी भरून झालं. रात्री घरी परतताना पहिला नीट पाऊस आला. २१ ला सकाळी सरांनी विचारलं, त्यांच्या ओळखीच्या एका डॉक्टरांकडे बजाजनगरात शास्त्रीय गाण्याची घरगुती बैठक आहे, कोणाला यायचं? आर्टिकल मंडळी एकदम कामाला लागली. मी म्हटलं, मी येते.

दिवाणखान्यातलं फर्निचर गच्चीवर हलवलं होतं. जमिनीवर सतरंज्या, गुडघे दुखणाऱ्यांसाठी भिंतीशी खुर्च्या, गादीवर पांढरी चादर. माइक नव्हता. गायिका पन्नाशीच्या, इथल्याच एका कॉलेजात शिकवणाऱ्या. दोन तंबोरे जुळवायलाच इतका वेळ गेला की मला वाटलं काही बिघडलं आहे. पण कोणी चुळबुळ करत नव्हतं. मग लक्षात आलं की तेही ऐकण्यासारखंच आहे: खुंटी पिळली की तार आधी वर जाते, जरा जास्तच जाते, मग खालचा मणी केसभर सरकवला की जागेवर येते. ती जागेवर आली हे सगळ्यांना एकदम कळायचं, मला नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी मलाही कळलं. दोन्ही तंबोऱ्यांचा आवाज एक होतो आणि खोलीत तिसरंच काही वाजायला लागतं.

मिया मल्हार गाणार होत्या, विलंबित म्हणजे संथ एकतालात. माझ्या शेजारी एक निवृत्त काका होते, मांडीवर बोटांनी मात्रा मोजत. मीही मोजायला लागले. मोजणं हेच तर माझं काम. बारा मात्रा. पण विलंबितात एक मात्रा इतकी लांब असते की सातवीपाशी मी हरवायचे, आणि तेवढ्यात समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, सगळ्या माना हलायच्या. माझी नाही हलायची, किंवा हलायची ती बघून हलायची. काकांनी माझी धडपड बघितली असावी. ते कुजबुजले, "मोजू नको. ठेक्यात तिरकिट ऐक. दुसऱ्यांदा आलं की सम जवळ आली." तबल्याच्या ठेक्यात तिरकिट हा बोल दोनदा येतो, एकदा चौथ्या मात्रेला आणि एकदा दहाव्या. दुसरं आलं की दोन मात्रा, आणि धिं. बस्स, एवढीच किल्ली. पुढच्या आवर्तनात मी फक्त तबल्याकडे कान ठेवला. तिरकिट गेलं, दुसरं तिरकिट आलं, गायिका अजून कुठेतरी वर फिरत होती, मला वाटलं आता काही ही वेळेवर पोचत नाही, आणि ती अशी सहज मुखडा घेऊन समेवर उतरली की माझ्या तोंडून "वा" निघून गेलं. निघालं ते जरा मोठ्यानं निघालं. काकांनी पाठीवर हलकेच थाप दिली.

मग ते दोन निषाद, 'नी' या स्वराची दोन रूपं. काकांनीच दाखवले: एक कोमल, एक शुद्ध, लगेच पाठोपाठ, आणि त्यानंतर वरचा सा. मला स्वरांची नावं कळत नाहीत, पण एकाच पायरीवर दोनदा पाय ठेवून वर चढल्याचं कळत होतं. त्या तेच पुन्हा पुन्हा घेत होत्या आणि दर वेळी पहिल्या पायरीवर थोड्या जास्त थांबत होत्या. आमच्याकडे असं गाणं असतं तर कोणीतरी वन्समोअर ओरडलंच असतं आणि पेटीवाल्यानं मुखडा पुन्हा धरला असता. इथं वन्समोअर गाणाऱ्यानं आधीच देऊन टाकलेला असतो. म्हणूनच बहुधा कोणी मागत नाही.

नंतर चहा आणि गरम सांबारवडी. गायिकेनं मला जवळ बोलावलं. तो "वा" माझा होता हे त्यांना कळलं असणार.

"कुठली गं तू?"

"ब्रह्मपुरीकडची."

"अगं बाई, झाडीपट्टीतली!" आणि त्या सांगायला लागल्या. त्यांच्या गुरुजींकडे शिकणारे एक गुरुबंधू मोसमात वडशाच्या कंपनीत ऑर्गन वाजवायला जायचे. दिवाळी झाली की निघायचे ते होळीला परत. रोज वेगळं गाव, रात्रभर वाजवायचं, दिवसा गाडीत झोपायचं. नागपुरात वर्षभर शिकवण्या करून मिळत नसे तेवढं त्या चार महिन्यांत हाती यायचं. गुरुजी रागवायचे, बोटं बिघडतील म्हणून. "पण तिकडून आला की त्याची लय बघावी. पाच हजार लोक जागे ठेवायचे म्हणजे काय खायचं काम आहे?" मला हे अजिबात ठाऊक नव्हतं. म्हणजे नागपूरचे नट आमच्या नाटकांत येतात हे माहीत होतं, जाहिरातीत ठळक छापलेलं असतं. वाजवणाऱ्यांची नावं कोण वाचतो? आम्ही लहानपणी स्टेजच्या पुढ्यात बसायचो तेव्हा ऑर्गनवाल्याची फक्त पाठ दिसायची.

जून संपता संपता कॉलेजचं बोलावणं आलं. ट्रेनिंगचा अहवाल लिहिला, सरांची सही-शिक्का घेतला. अहवालात आत्मसात केलेली कौशल्यं असा रकाना आहे, त्यात इनपुट टॅक्स क्रेडिटचा ताळमेळ, टीडीएस विवरणपत्र वगैरे जे लिहायचं ते लिहिलं. सम सापडते हे कुठं लिहायचं ते काही कळलं नाही. जुलैअखेर वसंतरावांचा स्मृतिदिन असतो, त्या सुमाराला त्यांच्या नावाच्या सभागृहात त्यांच्याच स्मरणार्थ संगीत समारोह होतो. बैठकीतले काका म्हणाले, ये. पण तेव्हा सत्र सुरू झालेलं असणार. तरी ३१ जुलैला इन्कम टॅक्सची घाई असते, त्यामुळे सरांकडे कामाला यायचं निमित्त तेवढं तयार आहे.

निघायच्या आदल्या संध्याकाळी काकूंच्या ओट्यावर बसलो होतो. भाडं, लाइट बिल, किल्ली असा हिशेब झाला. मी म्हटलं, दिवाळीनंतर आमच्याकडे या, मंडईला. नाटक दाखवते.

"किती वाजता संपते?"

"पहाटे पाचला."

"पाच?" काकूंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पदरानं पुसला. "अन् सुरू?"

"अकराला."

"ब्रह्मपुरीला बसनं तीन तास लागते म्हनते ना तू? मंग मी बसमध्येच झोपून घेतो."